टाकीतली चिमूटभर भुकटी

मामा, आज सकाळी मी निकेलचा मुलामा चढवायच्या टाकीत स्वतःच्या हातानं भुकटी टाकली. तुमी असता तर मले दुकानाबाहेर काढलं असतं. "टाकीतलं पाणी प्यायच्या पाण्यावानी पाह्यजे," हे अजून कानात आहे. सायकलच्या हँडलमध्ये आपलं तोंड दिसल्याशिवाय तुमी ते गिऱ्हाइकाच्या हाती देत नव्हता. माझ्या कामात तोंड दिसत नाही, राखेसारखा रंग येतो. पण ऐका.

आसेगावकडची एक बाई वांगी-टमाटर लावते. तिच्या विहिरीच्या पाण्यात बारीक रेती. मोटरपंपाच्या दांड्यावर नळी असते, स्लीव्ह म्हणतात तिला. रेती ती घासून टाकायची, पंप पाणी ओढेनासा व्हायचा आणि ऐन भरात वाफे कोरडे. तुमच्या पद्धतीचं चकचकीत निकेल मी दोनदा चढवून दिलं, दोन्ही वेळा नळी परत आली. "मिस्तरी, मले त्याच्यात भांग नाही पाडाचा. टिकन असं करून द्या, नाही तं वाशिमचा रस्ता मले माहीत हाय."

हे लागलं. मी मोबाईलवर वाचत बसलो, शब्दकोश उशाशी घेऊन. सिलिकॉन कार्बाइडची भुकटी, केसाच्या हजाराव्या हिश्श्याहून बारीक, निकेलसोबत थरात अडकून बसते. घासणं ती झेलते, थर दाट होतो, गंजही सहजी शिरत नाही. पहिल्या वेळी मी ती सरळ गरम टाकीत ओतली. गुठळ्या झाल्या, अर्धी तळाशी बसली, थर रव्यासारखा खरबरीत. मामी आता काठी टेकत चालतात, पण दुकानात रोज एक चक्कर असतेच. "बेसन उकळत्या पाण्यात टाकते का रे कोनी? आधी थंड्यात कालव!" तेच मोबाईलवरही लिहिलं होतं, ते पान मीच घाईत सोडलं होतं. मग थोड्याशा द्रावणात कालवून चार तास घोटलं, आणि टाकीत खालून हवेचे बुडबुडे सोडले, म्हणजे भुकटी तळाशी बसत नाही.

हंगामभर नळी चालली. काल बाईनं ती उघडून पिशवीतून आणली, वर चार वांगी. मी मायक्रोमीटर तीन ठिकाणी लावला. पुसून पुन्हा तीन ठिकाणी. "मिस्तरी, मोजून राह्यले का पूजा करून राह्यले?" थर जवळपास होता तसाच! तिनं लगेच दिराच्या पंपाची नळी पुढे केली. आजची भुकटी तिच्यासाठीच.

टाकीवर झाकण मात्र तेच आहे, मामींच्या लुगड्याचं, तुमी शिवलेलं. आठवते? मी बावीस वर्षांचा, टाकीत एमरीची, लोखंड घासायची भुकटी सापडली, आणि मी म्हणालो, वाऱ्यानं उडून आली. तुमी शिव्या दिल्या, अख्खी टाकी तीनदा कापडातून गाळली आणि रागारागात हे झाकण शिवलं.

मामा, त्या दिवशी वारा नव्हता. मीच टाकली होती, थर टणक होते का ते पाहाले.

हे मामींना वाचून दाखवणार होतो. आता नाही दाखवत. लुगडं नवं होतं, आणि त्या अजून वाऱ्याले शिव्या देतात.