तळघरातला निलगिरीचा वास

ब्राउनश्वाइग (जर्मनी), २ नोव्हेंबर

तीर्थरूप बाबांना लतिकाचा वाकून नमस्कार.

फोनवर हे बोलवत नाही, म्हणून लिहितेय.

आम्ही ठीक आहोत. हीटिंग सुरू झालंय, त्याने घरातली हवा कोरडी पडते, पण तळघरातला ह्युमिडिफायर घरभर दमट हवा सोडतो, त्यामुळे यंदाही छोट्या तनयचा घोळणा फुटला नाही. फक्त खिडक्यांच्या काचांना पाणी सुटतं. ते रोज पुसावं लागतं, नाहीतर भिंतीला बुरशी धरते.

काल त्या ह्युमिडिफायरच्या सर्व्हिसिंगला माणूस आला. त्याने साचलेला चुना खरवडला आणि आतलं पाणी शोषणारं, वर्षभराचं जुनं पॅड बाहेर काढलं. बाबा, तळघरात निलगिरीचा वास आला.

गेल्या हिवाळ्यात आई इथे होती तेव्हा तनयला सर्दी झाली होती. तिला वाटलं, हे वाफाऱ्याचंच मशीन. तिने त्यात निलगिरीचं तेल ओतलं. मी केवढी ओरडले तिच्यावर! "विचारल्याशिवाय कशाला हात लावू नकोस," म्हणाले. मग परत जाईपर्यंत ती स्वतःचा चहा टाकतानाही मला विचारायची. तेव्हा मला ते बरं वाटलं होतं.

आता तिला जाऊन आठ महिने झाले. जुनं पॅड मी टाकू दिलं नाही, पिशवीत बांधून ठेवलंय.

तुम्ही गोळ्या वेळेवर घेता ना? वर्षश्राद्धाला आम्ही येतोच आहोत.

एकच विचारायचंय. घरी परतल्यावर आई तुमच्याशी याबद्दल काही बोलली होती का? रागावली असेल, तर जसंच्या तसं लिहा. काहीच बोलली नसेल, तर ते मात्र कळवू नका.

तुमची,
लतिका