अबोलीला खारं पाणी

बुधवार, संध्याकाळ

परसातल्या बुटक्या अबोलीची पानं कडेने करपलीत. मी कॉलेज सोडलं त्या दिवशी वर्गातल्या मेघनाने दिलेलं रोप. "हे तरी अर्ध्यावर सोडू नकोस," म्हणाली होती. रविवारी ती बघायला येणार.

आईवर ओरडलो, "काय ओतलंस?"

"मी ताजे मासे धुतलेलं पाणी घालते. परवा खारा बांगडा भिजवलेलं पाणी कोणी ओतलं रे, शहाण्या?"

मीच. फुलं लवकर यावीत म्हणून.

चार बादल्या गोडं पाणी ओतून माती धुतली. पानं तशीच. गुपचूप दुसरं रोप आणून लावू? नर्सरीत हुबेहूब मिळेल. पण मेघनाशी खोटं?

फोन लावला, सगळं सांगितलं.

"मेलं का?"

"अजून नाही."

"मग आता हात लावू नकोस. रविवारी येते."

तेवढंही जमत नाही. तिसऱ्यांदा जाऊन पानं चाचपून आलो.