लाह्या घेऊन येशील तर

धाकट्या जाऊबाई सौ. केशर हिले,

किन्हीराजाहून थोरल्या जतनचा जय जिनेंद्र आणि आशीर्वाद. अनसिंगले पाऊसपाणी कसं आहे? तुझे गुडघे काय म्हणतात? (माझे विचारू नको, दोघंही एकमेकांशी बोलत नाहीत, आपल्या नातवांवर गेले.) अक्षर नात कृतिकाचं, बोलणं माझं. मधी कुठं शहाणपणा दिसला तर तो तिचा समज.

मामंजींनी गावाबाहेरची जमीन घरच्या ट्रस्टले देताना एकच अट घातली होती, की तिथल्या चबुतऱ्यावर रोज सकाळी घरच्या सुनेच्या हातचे दाणे पाखरांले पडावे. तू अनसिंगले गेल्यापासून ते काम माझ्याकडं. आता माझ्या नातवाले, संयमले, तिथं मंगल कार्यालय पाह्यजे, तुझ्या नातवाले, अर्पितले, पेट्रोल पंप. दोघं कोर्टात गेले. जजसाहेबांनी तात्पुरता हुकूम दिला, की निकाल लागेपर्यंत जमीन आहे तशी ठेवा. कोणी बांधू नका, विकू नका, पेरू नका. मले हुकूम पटला. मी घरात हेच सांगून राह्यली होती, पण माझ्याजवळ शिक्का नव्हता.

हुकमात पाखरांचं नाव नाही, म्हणून मी दाणे टाकत राह्यली. यंदा पाऊस असा, की पाखरांनी सांडलेला जोंधळा चबुतऱ्याभोवती उगवला आणि चांगला हातभर झाला. अर्पितनं चारी बाजूंनी फोटो काढले आणि कोर्टाले कळवलं, की समोरच्या पार्टीनं हुकूम मोडून पेरणी केली. (निंदण न करता इतकं साफ पीक माझ्या अख्ख्या संसारात आलं नाही, हे त्यानं लिहायले पाह्यजे होतं.) संयम उपटायले धावला, तर आमचा वकील म्हणे, हात लावू नका, उपटणं म्हणजेही बदल. तवापासून तो जोंधळा कोर्टाच्या राखणीत उभा आहे आणि माझे दाणे बंद. पाखरं येतात, चबुतऱ्यावर बसतात, रस्त्याकडं पाहतात. मी तिकडून जाणंच सोडलं.

मंग क्षमावाणी आली, वर्षभराच्या चुकांची एकमेकांले क्षमा मागायचा आपला दिवस. एक वर्ष मी अनसिंगले यायची, एक वर्ष तू इकडं. यंदा पाळी तुझी होती. वकील म्हणे, आजी, क्षमा मागू नका, पेरणी कबूल केल्यासारखं होईल. मी म्हटलं, बरं, देऊ तर शकते? तर म्हणे, तेही नको. तुमच्या वकिलानंही तुले असंच सांगितलं असेल. या दोघांचं एवढ्यात मात्र एकमत आहे. तरी मी चांगलं लुगडं नेसून संध्याकाळपर्यंत ओसरीत बसली. वकिलानं बसायले मनाई केली नव्हती.

तब्येतीले जप. गुडघ्यांले शेक दे.

तुझी,
जतन

ता. क. लाह्या उगवत नाहीत. हे मी वकिलाले विचारलं. त्यानं हुकूम पुन्हा काढून वाचला, मंग म्हणे, हरकत दिसत नाही. माझ्या लाह्या करपतात, तुझ्या मोगऱ्यासारख्या फुटतात. एक डबा भरून आण. अर्पितच्या हाती धाडू नको, तो आधी फोटो काढील. तूच ये.

आणखी एक. या पत्रात क्षमा कुठंच मागितलेली नाही, कृतिकाकडून दोनदा वाचून घेतलं. क्षमेचं चबुतऱ्यापाशी बोलू. पाखरं साक्ष द्यायले जात नाहीत.