आई, सात फूट रुंद

रविवार, ११ जानेवारी २०२६

काय झालं ते क्रमाने.

१. संध्याकाळी ६:५० ला गावच्या घरी, हळदीच्या खोलीत प्रोजेक्टर सुरू केला. दार बंद. भिंतीवर पांढरी चादर.
२. रचना: जुन्या टॅबचा दहा इंची एलसीडी, त्याची मागची लाइट काढून टाकलेली. मागे शंभर वॅटचा एलईडी. शाळेने भंगारात काढलेल्या यंत्रातली दोन सपाट भिंगं, पुढे एक गोल. एक पंखा.
३. चित्र आलं, पण डावं उजवीकडे. एलसीडी फिरवून बसवला. सरळ झालं.
४. रुंदी सात फूट. फोकस कोपऱ्यांत किंचित मऊ. चालेल.
५. ७:२२ ला मधोमध काळा डाग. वाढत गेला.
६. तेव्हा भिंतीवर आई होती. डाग तिच्या तोंडावर.
७. ७:२५ ला बंद केलं. एलसीडीजवळ तापमान ७४. पंखा चालू होता.
८. थंड झाल्यावर डाग गेला. आई परत आली.

आठवा मुद्दा चुकीचा लिहिलाय. चित्र परत आलं.

सोमवार, १२ जानेवारी

शिरवळ. कारखान्यात सकाळची पाळी. दिवसभर इतरांचे सर्किट बोर्ड तपासले, डोक्यात स्वतःचाच.

कारण सापडलं. जाळी. परवा पहिल्यांदा एलईडी लावला तर पाच मिनिटांत पंख्यात किडे. पात्याला चिकटलेले, दोन अजून हलत होते. मी पंख्याच्या तोंडावर बारीक जाळी बसवली. हवा निम्म्यावर आली. एलसीडी तापला. कॉलेजातलं पोर करणार नाही अशी चूक!

जैन घरातली असून मी रात्री जेवते. इथे खोलीवर साडेनऊला जेवते. तरी हात आपोआप जाळी कापायला गेला.

हे सगळं कशासाठी, तेही लिहून ठेवते. अक्का — चंदना, माझ्याहून चार वर्षांनी मोठी — १ मार्चला आर्यिका दीक्षा घेणार, म्हणजे साध्वी होणार. दीड वर्ष साध्वींच्या संघाबरोबर पायी फिरते आहे. फोन ठेवत नाही. २२ फेब्रुवारीला गावात तिची ओटी भरायची. त्या संध्याकाळी अंगणात आमचे जुने व्हिडिओ दाखवायचे, ही आण्णांची कल्पना. प्रोजेक्टर भाड्याने मिळतो, मी म्हणाले. आण्णा म्हणाले, "भाड्यानं कशाला? घरात इंजिनेर हाय की!"

संघातल्या मोठ्या माताजींचा नियम: घरातल्या प्रत्येकाची अनुमती लेखी हवी. आई गेली जुलै २०२३ मध्ये. म्हणजे उरलो आण्णा आणि मी. आण्णांनी सही केली. माझी बाकी आहे. १५ फेब्रुवारीपर्यंत कागद पोचला नाही तर दीक्षा पुढे जाईल.

बुधवार, १४ जानेवारी

कागद पर्समध्येच. घडीवर शाई पुसट व्हायला लागली.

शनिवार, १७ जानेवारी

सांगली. बसस्थानकामागे नियाजभाईंचं दुरुस्तीचं दुकान. खोका उघडून दाखवला. ते आधी पोट धरून हसले.

"मॅडम, पंख्याला मच्छरदाणी? त्याला काय डेंग्यू होतोय?"

किडे आत जातात, मी म्हणाले.

"जाऊ द्या की. चार मरतील."

त्यांनी पावतीसाठी नाव विचारलं, गाव विचारलं. मग हसणं थांबलं. "असं व्हय. जैनांच्या देवळाजवळचं, बस्तीजवळचं घर तुमचं. मग जाळी ऱ्हाऊ द्या. पंखा मोठा लावा, आन् जाळी लांब धरा, खोका करून. जाळी मोठी, भोकं जास्त. हवा बी जाईल, जीव बी वाचंल."

मला सुचायला हवं होतं. इतकं सरळ.

जाताना म्हणाले, "कुणाचा पिच्चर दाखवणार एवढा खटाटोप करून?"

"घरचाच."

रविवार, १८ जानेवारी

नवा पंखा, जाळीचा खोका. चाळीस मिनिटांनंतर ४७ अंश. डाग नाही. एकही किडा मेला नाही.

आण्णा खुर्ची घेऊन आले. अक्काची शाळेतली नाटकं, माझं बारसं — सगळं बाजूला. "पद्मीचं लाव." त्यांना आईचा शेवटचा व्हिडिओ हवा होता. अक्काने फोनवर घेतलेला. एकोणीस सेकंद. आई खाटेवर, अक्काचा हात पुढे येतो, तळव्यावर गोळी.

अक्काचा आवाज: "आई, घे. अजून दिवस हाय."

आई खिडकीकडे बघते. "अंधारलंय की गं."

"ढग आलेत."

आई गोळी घेते. दोन घोट पाणी. संपलं.

आईचा नियम होता, दिवस मावळल्यावर पाण्याचा थेंबही नाही. एकवीस वर्षं पाळला. आजारपणातही.

"चष्मा वाकडाच घातलाय बग तिनं," आण्णा म्हणाले. "पुन्यांदा लाव." पुन्हा लावला. पुन्हा. ते फक्त तिचं तोंड बघत होते. तिसऱ्या वेळी माझी नजर वर गेली. खाटेच्या वर भिंतीवरचं घड्याळ. फोनवर ते तांदळाएवढं दिसायचं. इथे ताटाएवढं. सात एकेचाळीस.

खिडकी बंद होती. आई बंद खिडकीकडे बघत होती.

सहा वेळा लावला. आण्णा उठताना म्हणाले, "वटीच्या दिशी हाच लाव. समद्या गावाला दिसू दे पद्मी."

समद्या गावाला घड्याळही दिसेल.

सोमवार, १९ जानेवारी

पडताळलं. ४ जुलै २०२३, सांगली, सूर्यास्त ७:१०. अक्काने तो व्हिडिओ मला पाठवला ७:४३ ला. मी उत्तर दिलं आहे: ओके. आणि अंगठा.

म्हणजे वेळ माझ्या फोनमध्ये अडीच वर्षं होती. घड्याळ वाचायला सात फुटांची भिंत लागायला नको होती.

त्या मेसेजच्या वर एक कॉल दिसतो. सहा मिनिटं. मी केलेला. त्याबद्दल आज नाही.

गुरुवार, २२ जानेवारी

झोपेत "अंधारलंय की गं" ऐकू येतं. आईचा आवाज नाही तो, खोक्यातल्या लहान स्पीकरचा. चिरका. फरक कळतो, तरी उठून बसते.

रविवार, २५ जानेवारी

आण्णांना विचारलं, अक्का का जाते आहे. ते शेंगा फोडत होते.

"मला म्हणाली, आण्णा, माझ्या हातनं आईचं व्रत मोडलं. माझी चूक. एवढंच."

"काय झालं ते?"

"मी इचारलं न्हाई. तिनं सांगितलं न्हाई." मग माझ्याकडे बघून, "तुला म्हाईत हाय काय?"

"नाही."

विचार न करता आलं ते. गोळी वेदनेची होती. नऊ दिवसांनी आई गेली. त्या नऊ दिवसांत ती निदान झोपली — हे वाक्य मी मनात कितीदा लिहिलंय, मोजलेलं नाही. मोजायला हवं होतं.

अक्काने चूक एकटीच्या नावावर घेतली. आण्णांसमोर, माताजींसमोर. माझं नाव कुठेच नाही.

आण्णा म्हणाले, "तू सही का करंनास? तुला काय पटंना?"

मी म्हणाले, बघते.

"बघती बघती... तिकडं ती अनवाणी चालाय लागलीया, आन् तू बघती."

शनिवार, ३१ जानेवारी

उपाय शोधले. व्हिडिओ कापता येईल: घड्याळ चित्राबाहेर. किंवा एलसीडीच्या वरच्या कडेला काळ्या कागदाची पट्टी.

पट्टी लावून बघितली. घड्याळ गेलं. आता भिंतीवर दुसरं काही बघायला नाही म्हणून आईची नजर जास्त दिसते. खिडकीकडे, मग अक्काच्या हाताकडे, मग थेट फोनकडे. म्हणजे माझ्याकडे. तिला माहीत होतं, व्हिडिओ कुणासाठी आहे. "बाम्मीला दाखवायचं व्हय?" असं ती त्याआधी म्हणाली असेल. त्या एकोणीस सेकंदांत नाही ते.

आणि मग ती गोळी घेते. तिला पटलं होतं का? ढग? चार महिने खाटेवर पडून ती सावलीवरून वेळ सांगायची, पाच मिनिटं चुकायची नाही.

पट्टी काढून टाकली.

मंगळवार, ३ फेब्रुवारी

पाळीत एक बोर्ड चुकून पास केला. पहिल्यांदाच. साहेबांच्या लक्षात येण्याआधी मीच जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "सांगितलंस म्हणून सुटलं. पुढच्या टप्प्यावर जळलं असतं."

रविवार, ८ फेब्रुवारी

आण्णांना सकाळी सांगितलं. सगळं. त्यांनी ऐकून घेतलं, चप्पल न घालता बस्तीत गेले. दुपारी आले, जेवले. मला वाढलं नाही. मी माझं वाढून घेतलं.

गावातल्या विजयमालाकाकू उद्या संघाला आहार द्यायला, म्हणजे जेवण वाढायला, जाणार आहेत. त्यांच्याबरोबर चिठ्ठी दिली. तिची नक्कल:

"अक्का,
त्या संध्याकाळी फोनवर तू म्हणालीस, दिवस मावळला, आई आता घेणार नाही, सकाळी देऊ. मी म्हणाले, खिडकी लाव, ढग आलेत म्हण, आणि गोळी घेतल्याचा व्हिडिओ मला पाठव. तू दोनदा नको म्हणालीस. मी आवाज चढवला. हे आण्णांना आज सांगितलं आहे. माताजींनाही तू सांग, किंवा मी येऊन सांगते.
सही केलेला कागद तयार आहे. तुझ्या मनाने जात असशील तर तो पाठवते. माझ्या चुकीपायी जात असशील तर फाडते.
दोन्हीपैकी काय, तेवढं एका ओळीत लिही. शनिवार, १४ फेब्रुवारीपर्यंत उत्तर दे.
— ब्राह्मी"