चौथ्या भागाची चिठ्ठी

प्रिय ताई,

मावशी हे पत्र देईल तेव्हा अक्षर ओळखून तू ते तसंच परत करशील, अशी मला भीती आहे. तसं करू नकोस. दाजींच्या हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन गुरुवारी सकाळी आहे, हे मला मावशीकडूनच कळलं. जे सांगायचं आहे ते त्यांना आत नेण्याआधी त्यांच्या कानावर पडायला हवं. फोन केला असता, पण अकरा वर्षांत तू माझा एकही फोन उचललेला नाहीस, आणि उचलला असतास तर माझीच बोबडी वळली असती.

रेकॉर्डचं कपाट आहे तिथेच आहे. सोलला लाल, फंकला पिवळी, रेगेला हिरवी, रॉकला काळी, या तू संगीतप्रकारांप्रमाणे लावलेल्या पट्ट्या अजून निघालेल्या नाहीत. लहानपणी आपल्याला वर्षातून एकच रेकॉर्ड मिळायची, म्हणून तू नेहमी बारा गायक असलेली निवडायचीस. एक नाही आवडला तरी अकरा उरतात, असं तुझं म्हणणं. तिथून आपल्याला संकलनांचा नाद लागला तो लागलाच. पुढे रविवारी आपल्याकडे जमणारी मंडळी नाकं मुरडायची. मूळ अल्बम सोडून दुसऱ्याने निवडलेलं ऐकता, म्हणजे उष्टंच खाता, म्हणायची. त्यावर तू त्यांना ऐकवलं होतंस की नावसुद्धा दुसऱ्यानेच निवडून दिलंय, ते मिरवता ना वर्षानुवर्षं? त्यावर त्यांच्यातले चष्मेवाले काका उठून स्वतःच पुढचं संकलन लावायला गेले होते.

चिठ्ठीचा नियमही तुझाच. प्रत्येक रेकॉर्डच्या आतल्या कागदी पाकिटात एक चिठ्ठी, आणि जो कोणी रेकॉर्ड वाजवेल त्याने तिच्यावर पेन्सिलीने तारीख घालून सही करायची. वजनकाटे तपासण्याची नोकरी मी करतो, पण शिस्त तुझी जास्त कडक होती. दाजी घरात नवे आले तेव्हा त्यांना या चिठ्ठ्यांचं हसू यायचं. महिन्याभरात तेच सगळ्यांत सुंदर अक्षरात तारीख घालू लागले. दिवसभर लोकांचे फ्रीज दुरुस्त करून यायचे, हात तीनतीनदा धुवायचे आणि मगच रेकॉर्डला हात लावायचे. त्या बारा भागांच्या रेगे मालिकेतला चौथा भाग त्यांचा जीव की प्राण. बाराही कव्हरं सारखीच, फक्त आकडा वेगळा, पण चौथा ते न बघता बाहेर काढायचे.

त्या रविवारी काय झालं ते तुला सांगायला नको, तरी मी माझ्या हाताने लिहितो, कारण आजवर मी ते कधी खरं सांगितलेलं नाही. चौथ्या भागाचं कव्हर रिकामं निघालं. दाजींनी तो घरी नेला होता आणि सोमवारी परत आणला होता. परत आणला असं त्यांचं म्हणणं, मला आठवत नव्हतं. वर चष्मेवाल्या काकांनी सांगितलं की एक परगावचा संग्राहक दाजींकडे त्याच भागाची चौकशी करत होता. झालं, माझं डोकं फिरलं. आठ माणसांदेखत मी त्यांना पिशवी उघडायला सांगितलं. माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठ्या माणसाला. त्यांनी एकेक वस्तू टेबलावर मांडली. डबा, स्वेटर, नट आवळायचे दोन पाने, तुझ्यासाठी घेतलेली केसांची पिन. सगळं बघून झालं का, आता भरू का परत, असं त्यांनी मला विचारलं. भरायला तू मदत केलीस. रेकॉर्ड पिशवीत नाही म्हणजे आधीच दिली असणार, असं त्यानंतर मी म्हणालो. चोर हा शब्दही मीच वापरला.

ताई, रेकॉर्ड घरातच होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा. नवव्या भागाच्या कव्हरात दोन तबकड्या होत्या, नववी आणि चौथी. एकच गाणं त्या दोन्ही भागांत आहे आणि नवव्यात ते अर्धं मिनिट आधीच विरत जातं, असं दाजी म्हणाले होते. ते खरं की खोटं ते बघायला मी बुधवारी दोन्ही पाठोपाठ लावल्या. तेवढ्यात कोणीतरी दार वाजवलं, मी घाईत दोन्ही पाकिटांसकट एकाच कव्हरात सारल्या आणि साफ विसरलो. गाणं लांबीने कमी भरतं का हे घड्याळ लावून मोजणारा माणूसच असली चूक करू शकतो. मी कपाटाच्या मागेपुढे शोधत बसलो, भरलेल्या कव्हरात कोण बघतो?

चौथ्या भागाची चिठ्ठी या पत्रासोबत ठेवली आहे. तिच्यावर दाजींच्या अक्षरात सोमवारची तारीख आहे. तिच्याखाली माझ्या अक्षरात बुधवारची. ते खरं बोलत होते हे माझीच सही सांगते.

हे इथेच थांबवता आलं असतं. तुला वाटलं असतं की बिचाऱ्याला आत्ता सापडली आणि लगेच पत्र लिहायला बसला. पण चिठ्ठी पूर्ण वाच. सगळ्यात खाली तिसरी तारीख आहे. ती सहा वर्षांपूर्वीची आहे. कपाटाला ओल आली म्हणून एका दुपारी मी सगळं बाहेर काढलं, तेव्हा रेकॉर्ड हाताला लागली. आणि मी काय केलं असेल? आधी ओरखडे पडलेत का ते पाहिलं. मग वाजवली. मग सवयीने तारीख घालून सही केली. आणि मग तिला तिच्या कव्हरात ठेवून गप्प बसलो. उद्या सांगू, पुढच्या महिन्यात सांगू, असं करत राहिलो. कबूल करायचं तर त्या आठही जणांसमोर करायला हवं, आणि तेवढी माझी छाती नव्हती. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तसला मी.

अजून एक गोष्ट आहे, ती दाजींनी तुला सांगितली नसेल असं वाटतं. तीन वर्षांपूर्वी माझा फ्रीज बंद पडला आणि कंपनीने नेमकं त्यांनाच पाठवलं. पत्ता वाचूनही ते आले. तासभर स्वयंपाकघरात खाली बसून काम करत होते. मी दारात उभा होतो, चौथा भाग माझ्यापासून दहा पावलांवर होता, आणि माझ्या तोंडून चहा घेता का एवढंच निघालं. नको म्हणाले. काम संपल्यावर त्यांनी अवजारांची पिशवी भरली, दारापाशी आले आणि पिशवी उघडून माझ्यासमोर धरून उभे राहिले. रागाने नाही, ताई. माझ्या घरातून बाहेर पडायची तशीच पद्धत आहे, असं समजून. मी मान हलवली तेव्हा ते गेले. त्यानंतर तो फ्रीज उघडताना मला लाज वाटली नाही असा दिवस गेलेला नाही.

आज सकाळी ती तिसरी तारीख कापून टाकायला मी कात्री घेतली होती, हेही सांगून टाकतो. कापली नाही. मला माफी हवी म्हणून हे लिहीत नाही, ती द्यायची की नाही ते तुम्ही दोघं ठरवा, आणि नाही दिलीत तर माझी तक्रार नाही. पण चोर हा शब्द अंगावर घेऊन त्यांनी गुरुवारी आत जाऊ नये. हे त्यांना वाचून दाखव, चिठ्ठी त्यांच्या हातात दे, सह्या ते ओळखतील. आठांपैकी सहा जण अजून आहेत, त्या सहाही जणांना मी याच मजकुराचं पत्र आज पाठवतो आहे. गुरुवारी सहा वाजल्यापासून मी दवाखान्याच्या खालच्या बाकावर असेन. वर बोलावलंस तर येईन, नाहीतर ते बाहेर येईपर्यंत तिथेच बसून राहीन. माझ्याकडे पिशवी असेल, तिच्यात चौथा भाग. दाजींना सांग, मला आत घेण्याआधी ती तपासून घ्या.

तुझाच,
धाकटा