म्हसोबाचा नारळ

मंगळवार, दिवेलागण

खिंडीची चढण सायकलवर पाय न टेकता चढलो, तर वरच्या म्हसोबाला नारळ फोडीन, असं बोललो होतो. बायको शेरडं घेऊन रोज वर जाते, पिशवीत नारळ घेऊनच.

आज शेवटच्या वळणावर दम संपला. शेजारून पेंढ्याचा टेम्पो हळू चालला होता. त्याची लोंबती दोरी धरली. का धरली मी? पाय टेकला नाही, एवढंच खरं.

"चढला बघा!" म्हणत हिनं नारळ हातात दिला. फोडला. टेम्पोवाल्या बबननानांनाही खोबरं दिलं. त्यांनी ते कपाळाला लावलं न् हळूच म्हणाले, "पुढच्या येळी दोरी लांब सोडतो."

तळहातावर दोरीचा वळ आहे. हिनं आत्ताच विचारलं. ब्रेकचा आहे, म्हणालो.

चढाला ब्रेक!