करवला झालेलं लाल नळकांडं

श्री. रामराव दाजींच्या सेवेशी, आपला एकुलता एक मेव्हणा सर्जेराव याचा कोपरापासून नमस्कार. आपली कंबर, मातोश्री झुंबरबाईंचे गुडघे आणि वेचणीला आलेली कपाशी, तिन्ही ठीक असावीत अशी आशा आहे. माझी तब्येत उत्तम. भूक चांगली लागते, झोप मात्र तुमच्या घरच्या निरोपानं उडवली आहे.

निरोप असा, की यंदा भाऊबीजेला अक्का सर्ज्यासाठी ताट काढणार नाही. दाजी, आई-वडील गेल्यापासून माझ्या कपाळाला बोट लावणारं जगात एकच माणूस उरलं आहे आणि ते तुमच्या स्वयंपाकघरात आहे. म्हणून माझ्या भाच्याच्या, देवानंदच्या लग्नात काय घडलं ते एकदा नीट समजून घ्या. सगळा घोटाळा त्या लाल नळकांड्यानं केला असं अक्का म्हणते. मी म्हणतो, त्या दिवशी आपलं काम बिनचूक करणारं तेवढंच एक होतं.

मुळापासून सांगतो. ती लाल गाडी मी पुण्याच्या एका शर्यतवाल्याकडून घेतली (टेंभुर्णीच्या रस्त्यावर दोन सीटांची, बिनछताची, जमिनीला पोट टेकणारी गाडी कशाला, हा प्रश्न मला आजवर इतक्या लोकांनी विचारला आहे, की तुम्ही विचारला नाहीत याबद्दल मी तुमचा आभारी आहे). किल्ली देताना तो म्हणाला, शर्यतीची गाडी आहे, इंजिन भडक डोक्याचं आहे, हे आग विझवायचं नळकांडं सोडून कुठे जाऊ नका. मी शब्दाचा पक्का. तेव्हापासून नळकांडं गाडीत म्हणजे गाडीत. बायको बाजूला बसली तर ते तिच्या मांडीवर, आणि भाजीची पिशवी असेल तर बायको एसटीनं. जाफराबादला लोक विचारायचे, "ग्यासवर चालून राह्यली का ही?" मी नुसता हसायचो. अडाण्याला उत्तर देऊन त्याचं समाधान करण्यापेक्षा त्याला कोड्यात ठेवलेलं बरं असतं.

आता लग्न. नवरदेवाला मारुतीच्या दर्शनाला घोडीवरून न नेता मामाच्या गाडीतून न्यायचं, ही कल्पना माझी होती, आणि ती अजूनही चांगलीच आहे. व्याह्यांच्या गावात असली गाडी कुणी पाहिलेली नव्हती. पोरांनी बॉनेटला रंगीत जिलेटिन कागद डकवला, आरशांना झेंडूच्या माळा बांधल्या. अडचण एकच निघाली. हळद लागलेल्या नवरदेवाला एकट्याला बसवायचं नसतं, शेजारी करवला लागतो. गाडीत जागा दोन. एकीवर मी, एकीवर देवानंद. मी म्हटलं, मी आहे की सोबतीला. तर तुमच्या मातोश्री म्हणाल्या, "डायवर माणसात धरत न्हाईत." (गाडीचा मालक, सख्खा मामा, आणि माणसात नाही. पण मी वडीलधाऱ्यांपुढे बोलत नाही हे तुम्ही जाणताच.)

मंडळी अडून बसली. मुहूर्त पुढे सरकत होता. तेवढ्यात मातोश्रींची नजर देवानंदच्या पायांत उभ्या असलेल्या नळकांड्यावर गेली. लालभडक, उंचीला बराबर, न हलणारं, न बोलणारं. त्यांनी त्याला हळदकुंकू लावलं, छोट्या पोरासाठी आणलेला फेटा त्याच्या डोक्यावर चढवला आणि म्हणाल्या, "ह्यो करवला. आता निघा जल्दी." एवढ्यावर थांबल्या असत्या तर मी हे पत्र लिहीत बसलो नसतो. पण नवरदेवाची साथ वाटेत सुटू नये म्हणून त्यांनी त्याच्या मनगटावरच्या हळकुंडाच्या दोऱ्याचं दुसरं टोक करवल्याला बांधलं. कुठे बांधलं? वरच्या कडीत ओवून नळीला. आता कडी दिसली की दोरा ओवायचा, हा कुठल्याही बाईचा स्वभाव आहे, त्यांचा दोष नाही. पण त्या नळकांड्याची सगळी अक्कल त्या कडीत असते. कडी ओढून पिन निघाली की ते कामाला तयार, मग नुसता दांडा दाबायचा अवकाश.

आम्ही निघालो. पुढे बँड, मागे पाण्याचा कलश घेऊन करवली म्हणून आपली इंद्रायणी चालत होती, आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये गुरगुरत होती. मारुतीपुढे आल्यावर देवानंदनं मोठ्या भक्तीनं हात जोडून कपाळाला लावले. दोरा ताणला, पिन निघाली. आम्हाला पत्ताच नाही. त्याच वेळी कुणीतरी लावलेल्या फटाक्यांच्या माळेतली ठिणगी बॉनेटवर उडाली आणि जिलेटिननं पेट घेतला.

दाजी, खरं सांगतो, त्या क्षणी मला आनंद झाला. इतके महिने ज्या वस्तूवरून लोक हसले, तिची वेळ आली होती. मी नळकांडं उचललं आणि दांडा दाबला. नळीचं तोंड फेट्यात अडकून उलटं फिरलेलं आहे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पहिली पावडर देवानंदच्या तोंडावर गेली. तो घाबरून हात ओढायला लागला, आणि हात दोऱ्यानं नळीला बांधलेला, त्यामुळे तो जिकडे ओढेल तिकडे पावडर. हार घेऊन सामोरे आलेले रायभानराव व्याही हारासकट पांढरे झाले. बँडवाल्यांचं वाजणं बसलं. तुमच्या मिशांचं काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. आणि आग? आग इंद्रायणीनं कलशातल्या पाण्यानं केव्हाच विझवली होती.

तरी माझा मुद्दा लक्षात घ्या. ज्या ज्या माणसावर ते नळकांडं चाललं, त्यातला एकही जळला नाही. अक्का म्हणते, एकुलत्या एका लेकाचं लग्न आणि प्रत्येक फोटोत तो पिठाच्या गिरणीतून आल्यासारखा दिसतो. मी म्हणतो, फोटो पांढरे असले तरी लग्न बिलकुल पक्कं लागलं, सूनबाई गुणी निघाली, आणि रायभानराव आता तो प्रसंग पाहुण्यांना स्वतः सांगून हसतात. सगळं गाव हसून मोकळं झालं. एक अक्काच अजून धरून बसली आहे, आणि नेमकी तीच माझी आहे.

मातोश्रींना दंडवत, सूनबाईंना आशीर्वाद. कळावे.

आपला,
सर्जेराव

ता. क. – नळकांडं जालन्याहून नव्यानं भरून आणलं आहे. तुमच्या पुतण्याच्या लग्नाला गाडी हवी असल्यास संकोच करू नये.

ता. क. दुसरा – वरचा ता. क. अक्काला वाचून दाखवू नये.

ता. क. तिसरा – पाकिटावर तिकीट नाही हे तुमच्या लक्षात आलं असेल. मी तुमच्या गल्लीच्या तोंडाशी, कचरूच्या हॉटेलात बसलो आहे. पहिल्या एसटीनं तीर्थपुरीला आलो, नवा सदरा घातला आहे, साडी पिशवीत आहे. पाय मात्र या बाकड्यापासून पुढे टाकवत नाही. कचरूच हे पत्र घेऊन येतो आहे. मघाशी अक्कानं तुम्हाला जेवायला हाक मारली, ती मला इथे ऐकू आली. तशीच एक मला मारायला सांगा.